डासाचे माप

गेल्या पावसाळ्यात आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याला ताप भरला. एक दिवस हुडहुडी, दुसऱ्या दिवशी पोरगा अंगणात खेळतोय, तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दात वाजू लागले. रक्ताची काच तपासली तेव्हा मलेरिया निघाला, व्हायवॅक्स जातीचा. तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीनच्या गोळ्या झाल्या. पोरगा बरा झाला, अलहमदुलिल्लाह. पण घरात एकच चर्चा सुरू झाली, हा आजार आला कुठून?

उत्तर सगळ्यांचे ठरलेले होते. घरामागची नाली. उन्हाळ्यापासून ती तुंबलेली, संध्याकाळी तिच्यावर डासांचे ढग. आम्ही स्वतः दोन अर्ज लिहिले होते, पाठपुरावा करून पावडर टाकून घेतली होती, आमच्या भावाने वरून जळके ऑइलही ओतले होते. एवढे करूनही मलेरिया आला म्हटल्यावर गल्लीत यंत्रणेच्या नावाने बोटे मोडणे सुरू झाले आणि त्यात आमचा आवाज सर्वांत मोठा होता, हे कबूल केले पाहिजे.

मग एक दिवस तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी आले. पांढऱ्या केसांचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी नालीकडे एक नजर टाकली आणि विचारले, "सर, गच्चीवर टाकी आहे का?" टाकी होती. तिचे झाकण दोन वर्षांपूर्वी वादळात फुटले होते आणि वर पत्र्याचा तुकडा ठेवून आम्ही काम भागवत होतो. त्यांनी पत्रा सरकवला, लांब दांड्याची पांढरी पळी पाण्यात हलकेच तिरपी बुडवली आणि वर काढून आमच्यासमोर धरली. पळीत सहा-सात अळ्या होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून, काडीसारख्या आडव्या पडलेल्या. "ही मलेरियावाली." मग खाली येऊन त्यांनी नालीतून पळी भरली. तिथल्या अळ्या शेपटीकडचा भाग पाण्याच्या वर टेकवून, डोके खाली करून तिरप्या लटकत होत्या. "आणि ही क्युलेक्स. ही पण वाईटच, हत्तीरोग हीच पसरवते. पण तुमच्या पोराला मलेरिया हिने दिलेला नाही."

ज्या पाण्याने आम्ही वुजू करत होतो, जे गाळून पीत होतो, ज्याला स्वच्छ म्हणत होतो, त्याच पाण्यात मलेरियाचा डास वाढत होता. आणि आम्ही चार महिने नालीशी भांडत बसलो होतो.

अळी पाण्यात आडवी आहे की तिरपी, एवढ्या आकाराच्या फरकावरून त्या गृहस्थांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. आम्ही भाषा शिकवणारे, विज्ञान आमचा विषय नव्हे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. डासाची जात आकारावरून ओळखायची हे शास्त्र किती खोल जाते? वाचत गेलो तसे कळले की अळीच्या बसण्यावर ते थांबत नाही. अंड्यावरच्या वळ्या मोजण्यापर्यंत आणि पंखावरच्या शिरा कुठे फुटतात याचा हिशेब ठेवण्यापर्यंत ते गेलेले आहे. आणि त्यातला बराच भाग आपल्या मुलखात घडला आहे.

चुकीचे डास, बरोबर डास

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाचा मलेरिया फक्त ॲनोफेलीस कुळातले डास पसरवतात आणि त्या कुळातल्या साडेचारशेहून अधिक जातींपैकीही तीस-चाळीसच खऱ्या अर्थाने धोक्याच्या. म्हणजे 'डास मारा' ही सूचना ऐकायला बरी, पण कामाची नाही. कोणता डास, हे आधी.

ही गोष्ट रोनाल्ड रॉस यांना फार महागात पडून कळली. मलेरियाचा जंतू डासात शोधायचा म्हणून 1895 पासून ते डास चिरत होते. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण ते जे डास चिरत होते ते करड्या आणि पट्टेरी जातीचे, म्हणजे ज्यांच्यात हा जंतू वाढतच नाही असे. 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला त्यांना पंखांवर ठिपके असलेले काही तपकिरी डास मिळाले. त्यांचे शास्त्रीय नाव रॉस यांना माहीत नव्हते. त्यांच्या लिखाणात ते 'ठिपकेदार पंखांचे डास' एवढेच आहेत. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाने हे डास स्वतःच्या अंगावर चावून घेतले, एका डासामागे एक आणा या हिशेबाने. 20 ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीवर रॉस यांना तो जंतू दिसला. पुढे कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना मोहम्मद बक्ष हे त्यांचे मदतनीस होते. रॉस यांना 1902 चे नोबेल मिळाले. हुसेन खान यांना दहा डासांचे दहा आणे मिळाले, असा हिशेब आहे.

पंखावरचे ठिपके ही ओळख पुरेशी होती, कारण तेव्हा कोडे सोपे होते. ॲनोफेलीस की दुसरा कोणी, एवढेच. पुढचे कोडे अवघड निघाले. ॲनोफेलीसमधला कोणता?

इथे आमच्या आजोळाचा संबंध येतो, आणि हे वाचून आम्हीच चकित झालो. आमचे मामू परतवाड्याला असतात. परतवाडा म्हणजे इंग्रजांच्या काळातली एलिचपूरची छावणी आणि एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, वऱ्हाडातल्या इमादशाहीची राजधानी. विल्यम ग्लेन लिस्टन नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी या छावणीतल्या ॲनोफेलीस डासांचा अभ्यास करून 1901 मध्ये लेख लिहिला. त्यात एका नव्या जातीचे वर्णन होते. स्टीफन्स या मलेरिया-संशोधकाच्या नावावरून तिला नाव दिले गेले ॲनोफेलीस स्टीफेन्साय. शहरातल्या विहिरी, हौद, टाक्या यांत वाढणारी आणि भारतातल्या शहरांत मलेरिया पसरवणारी मुख्य जात ती हीच. आमच्या टाकीतली अळीही बहुधा याच घराण्याची. मामूंना हे फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "आमच्या गावचे नाव झाले ते डासावरून झाले म्हणायचे!" हेच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आणि उंदरावरच्या पिसवा यांच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झाले, ती कहाणी वेगळी.

मुंबईत 1911 मध्ये चार्ल्स बेंटली यांचा मलेरियावरचा अहवाल निघाला. त्यात बोट दाखवले होते ते दलदलीकडे नाही, घराघरांतल्या विहिरींकडे. कारण हा डास विहिरीतला. त्यावरून शहरात विहिरी बुजवण्याची आणि झाकण्याची मोहीम निघाली आणि तिला विरोधही भरपूर झाला, कारण कित्येक विहिरींशी लोकांच्या श्रद्धा आणि रूढी जोडलेल्या होत्या. आज आपण त्या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आमच्या टाकीवरचा पत्रा दोन वर्षे तसाच होता आणि त्यात श्रद्धेचा काही संबंध नव्हता, फक्त आळस होता. आपल्याकडे जुन्या मशिदींच्या हौदात मासे सोडण्याची पद्धत आहे. ते मासे अळ्या खातात, ही गोष्ट आम्हाला लहानपणी कोणी सांगितली नव्हती.

अंड्यावरच्या वळ्या

आता थोडे युरोपात जाऊ या, कारण मापाची खरी गरज तिथे पहिल्यांदा कळली. तिथे मलेरिया पसरवणारी म्हणून ॲनोफेलीस मॅक्युलिपेनिस ही जात ठरलेली होती. पण ती जात जिथे विपुल तिथे मलेरिया नाही, असे प्रदेशच्या प्रदेश निघू लागले. डास तोच, माणसे तीच, मग आजार का नाही?

इटलीतले डोमेनिको फालेरोनी यांनी पकडलेल्या माद्यांना जिवंत ठेवून अंडी घालू दिली आणि ती भिंगाखाली पाहिली. डास दिसायला सारखे, पण अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी. आणि एका मादीच्या सगळ्या अंड्यांवर नक्षी एकच. 1926 मध्ये त्यांनी यातल्या दोन प्रकारांना आपल्या सहकाऱ्यांची नावे देऊन टाकली. पुढच्या काही वर्षांत हॅकेट, मिसिरोली आणि इतरांच्या कामातून उलगडले की ज्याला एक जात समजत होते ती अनेक जातींची मोट होती. त्यातल्या काही माणसाला चावणाऱ्या, काही गोठ्यात गुरांवर भागवणाऱ्या. त्याच सुमारास हॉलंडमध्ये श्वेलेनग्रेबेल आणि त्यांचे सहकारी पंखांची लांबी मोजत होते. किनाऱ्याकडच्या मचूळ पाण्याच्या, मलेरियाच्या भागात आखूड पंखांचे डास आणि गोड्या पाण्याच्या, बिनमलेरियाच्या भागात लांब पंखांचे. फूटपट्टीने आजाराचा नकाशा उलगडला, असे म्हणायला हरकत नाही.

हाच विचार आपल्या स्टीफेन्सायवर लागू झाला म्हैसुरात. स्वीट आणि राव या दोघांनी 1937 मध्ये दाखवले की या जातीचेही प्रकार आहेत आणि ते अंड्यावरून ओळखता येतात. ॲनोफेलीसचे अंडे अर्ध्या मिलिमीटरएवढे, होडीच्या आकाराचे. दोन्ही बाजूंना हवा भरलेली पिशवी असते, तिच्यामुळे ते पाण्यावर तरंगते. या पिशवीवर होडीच्या फासळ्यांसारख्या आडव्या वळ्या असतात. त्या मोजायच्या. एका प्रकारात वळ्या जास्त, दुसऱ्यात कमी. कमी वळ्यांच्या प्रकाराला त्यांनी म्हैसूरवरून 'मायसोरेन्सिस' म्हटले.

ही नुसती मोजण्याची हौस नव्हती. जास्त वळ्यांचा 'मूळ' प्रकार शहरात राहतो, माणसाचे रक्त शोधतो आणि मलेरिया पसरवण्यात पटाईत आहे. मायसोरेन्सिस भारतात खेड्याकडचा, बराचसा गुराढोरांवर जगणारा आणि मलेरियाच्या दृष्टीने दुबळा. डास पाहून फरक कळत नाही, अंडे पाहून कळतो. पुढे सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मोजणी नीट बसवली आणि मधला एक तिसरा प्रकारही वेगळा काढला. मूळ प्रकारात 14 ते 22 वळ्या, मधल्यात 12 ते 17, मायसोरेन्सिसमध्ये 9 ते 15.

चौकस वाचकाच्या लगेच लक्षात येईल की हे आकडे एकमेकांत शिरलेले आहेत. पंधरा वळ्यांचे अंडे हाती आले तर ते तिघांपैकी कोणाचेही असू शकते. म्हणून एका अंड्यावरून निकाल देत नाहीत. एकेका मादीला वेगळे ठेवून तिची पुष्कळ अंडी मोजायची आणि बहुतेक अंड्यांत किती वळ्या आहेत ते पाहायचे. आम्ही तर वर्गात हेच सांगतो की एका पेपरवरून पोराची हुशारी ठरवू नका. मात्र ते सांगताना आमच्या हातात दरवेळी एकच पेपर असतो, हेही खरे.

गोल पोळी आणि नकाशा

अंडी मोजायची तर मादी जिवंत हवी, तिने अंडी घालायला हवीत. सापळ्यात मिळतात ते डास बहुतेक मेलेले, सुकलेले, पाय तुटलेले, अंगावरचे खवले झडलेले. आणि डासाची ओळख तर बरीचशी खवल्यांच्या रंगावर. डेंग्यूचा ईडिस इजिप्ती आणि त्याचा भाऊबंद ईडिस अल्बोपिक्टस यांत फरक कसा करतात? अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ, तर इजिप्तीच्या पाठीवर दोन बाजूंना दोन बाकदार रेघा आणि मध्ये दोन बारीक सरळ. खवले झडले की रेघा गेल्या, ओळख गेली. उरतो पंख. आणि पंखावर शिरा असतात, त्या झडत नाहीत.

पंखावरून ओळखण्याची आजची रीत समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरे. आमच्या घरी तीन हात पोळ्या लाटतात. अम्मीची पोळी मोठी आणि गोल. वहिनींची लहान, पण तीही गोल. आमची पुतणी शिकतेय, तिची पोळी कधी लहान, कधी मोठी, पण दरवेळी कुठल्या तरी देशाचा नकाशा. डब्यातली पोळी कोणाची हे ओळखायला आकारमान कामाचे नाही, कारण पीठ कमी-जास्त घेतले की ते बदलते. कामाची आहे ती ठेवण, घडण. डासाचेही तसेच आहे. अळीला खायला कमी मिळाले, डबक्यात गर्दी झाली, पाणी गरम राहिले, तर डास लहान निपजतो. थंड पाण्यात सावकाश वाढलेला मोठा होतो. म्हणून नुसती पंखाची लांबी फसवी. हॉलंडमध्ये ती उपयोगी पडली, पण सगळीकडे पडेल असे नाही. शिरांची घडण त्या मानाने पक्की.

करतात ते असे. पंख काढून काचपट्टीवर चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा. पंखावर जिथे शीर फुटते, जिथे दोन शिरा मिळतात, जिथे शीर काठाला भिडते, अशा ठरावीक जागांवर संगणकात खुणा करायच्या. डासाच्या पंखावर साधारण अठरा-वीस खुणा घेतात. जागा सगळ्या पंखांवर त्याच, क्रमही तोच. प्रत्येक खुणेचे आडवे आणि उभे अंतर नोंदले गेले की पंख म्हणजे आकड्यांची एक यादी झाली. आता सगळे पंख एकावर एक ठेवायचे. त्यासाठी प्रत्येकाचा मध्य एका जागी आणायचा, सगळ्यांना ताणून किंवा आवळून एकाच मापाचे करायचे आणि खुणा एकमेकींवर जास्तीत जास्त बसतील असे फिरवायचे. जागा, माप आणि वळण हे तिन्ही फरक काढून टाकल्यावर जो उरतो तो निव्वळ घडणीतला फरक.

या रीतीला प्रोक्रुस्टेसचे नाव आहे. ग्रीक दंतकथेतला हा दरोडेखोर पाहुण्याला आपल्या पलंगावर निजवायचा. पाहुणा आखूड पडला तर ताणायचा, लांब पडला तर पाय तोडायचा. इतके भयंकर नाव शास्त्रज्ञांनी का घेतले असेल? पण एकदा ऐकले की रीत विसरत नाही, हे मान्य करावे लागते.

आता दोन जातींच्या पंखांचे दोन पुंजके तयार झाले. तिसरा, अनोळखी पंख आला. तो कोणत्या पुंजक्याच्या जवळ? इथे 'जवळ' म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एक पुंजका आटोपशीर असेल आणि दुसरा पसरट, तर साध्या फूटपट्टीचे अंतर चकवते. शिवाय पंखाची मापे एकमेकांत गुंतलेली असतात. एक खूण सरकली की शेजारची सरकते. हा सगळा गुंता लक्षात घेऊन अंतर मोजण्याची जी रीत जगभर वापरतात तिचे नाव आहे महालनोबिस अंतर. होय, आपले प्रशांतचंद्र महालनोबिस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. आणि तिची सुरुवात नागपूरची! 1920 मध्ये नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. तिथे झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल आणि महालनोबिस यांची गाठ पडली. अ‍ॅनंडेल यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे गोळा झालेली होती, त्यांचा हिशेब लावण्याचे काम त्यांनी या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे दिले. माणसांचे गट मापावरून एकमेकांच्या किती जवळ, किती दूर, या विचारातून पुढे 1936 चा तो प्रसिद्ध निबंध निघाला. माणसांच्या डोक्यांची मापे घेऊन त्यांच्या 'वंशां'ची वर्गवारी करण्याच्या त्या काळच्या उद्योगाविषयी आमच्या मनात फारशी आस्था नाही. त्यातून काय काय अनर्थ निघाले ते जगाने पाहिले. पण तेच गणित डासाच्या पंखाला लावले तर कोणाची मान खाली जात नाही.

हे गणित कामाला किती येते, याचे एक उदाहरण आम्हाला फार आवडले. दक्षिण अमेरिकेत कुडाच्या भिंतींच्या फटींत राहणारे, रात्री रक्त पिणारे ढेकणासारखे मोठे किडे आहेत. त्यांच्यापासून चागास नावाचा, हृदयावर जाणारा आजार होतो. घरावर फवारणी केली, किडे गेले, काही महिन्यांनी पुन्हा दिसू लागले. आता प्रश्न असा की हे फवारणीतून वाचलेल्यांची पिलावळ आहेत, की बाहेरून नवे आले? पहिले असेल तर औषध किंवा फवारणी कमी पडली. दुसरे असेल तर शेजारचे गोठे आणि कोंबड्यांची खुराडी पाहिली पाहिजेत. फवारणीआधीच्या आणि नंतरच्या किड्यांचे पंख ताडून पाहून संशोधकांनी याचा अंदाज काढला. झाँ-पिएर दुजार्दाँ या फ्रेंच संशोधकाने या क्षेत्रात पुष्कळ काम केले आणि त्यासाठी लागणारे संगणकीय साधन लोकांना मोफत दिले. खर्च काय, तर एक सूक्ष्मदर्शक, एक कॅमेरा आणि माणसाचा वेळ. डीएनए तपासणीची रसायने ज्यांना परवडत नाहीत अशा ठिकाणी ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून पंख पाहिला की सगळे कळले, असे मात्र कोणी समजू नये. खुणा करणारा माणूस बदलला की खुणा किंचित सरकतात. पंख दुमडला, फाटला की संपले. ज्या जातीचे पंख आधी मोजून ठेवलेलेच नाहीत ती समोर आली तर गणित तिला निमूटपणे जवळच्या पुंजक्यात ढकलून मोकळे होते. 'मला माहीत नाही' असे ते आपणहून म्हणत नाही. आणि काही जाती अशा सख्ख्या बहिणी असतात की माप हरते. आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणारा ॲनोफेलीस क्युलिसिफेसीज घ्या. तो एक नसून पाच जाती आहेत, त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. त्यातली बी ही मलेरिया पसरवण्यात कच्ची. या पाच बहिणी दिसण्यावरून वेगळ्या करता आल्या नाहीत, गुणसूत्रे पाहूनच त्यांची ओळख पटली. तेव्हा माप आणि डीएनए यांत भांडण लावण्यात अर्थ नाही. हजार पंख मापाने चाळावेत आणि शंकेच्या मोजक्यांची डीएनए तपासणी करावी, हे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

आपला डास परमुलखात

आता अचलपूरच्या त्या डासाकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट संपलेली नाही. 2012 मध्ये आफ्रिकेच्या कोपऱ्यावरच्या जिबूती या चिमुकल्या देशात स्टीफेन्साय सापडला. लाल समुद्राच्या तोंडावरचे हे बंदर, बहुसंख्य लोक मुसलमान, मलेरिया जवळजवळ संपलेला. त्या वर्षी देशभरात मलेरियाचे 27 रुग्ण नोंदले होते. 2020 मध्ये नोंदले गेले 73 हजारांहून अधिक. 2016 मध्ये तो इथिओपियात सापडला आणि 2022 मध्ये तिथल्या डिरे दावा शहरात पावसाळा नसताना मलेरियाची साथ आली, तिच्याशी या डासाचा संबंध संशोधकांनी दाखवला. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचा इशारा दिला होता.

आफ्रिकेत मलेरियाशी लढाई काही नवी नाही. पण ती सगळी लढाई तिथल्या डासाशी होती. तो डास खेड्यातला, उन्हाने तापलेल्या पावसाच्या डबक्यांत वाढणारा, रात्री घरात शिरून चावणारा. त्यासाठी मच्छरदाण्या आणि घरातल्या भिंतींवर फवारणी. आणि हा नवा पाहुणा शहरातला, टाक्यांत, पिंपांत, बांधकामाच्या हौदांत वाढणारा, कोरड्या दिवसांतही टिकणारा. भर म्हणजे तिथले कर्मचारी ज्या पुस्तकांवरून डास ओळखत, त्यांत या जातीचे नावच नव्हते, कारण ती आफ्रिकेची नव्हतीच. पुस्तकात जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. 2020 मध्ये आफ्रिकी ॲनोफेलीस ओळखण्याची नवी तक्ता-पुस्तिका निघाली, तिच्यात स्टीफेन्सायची नोंद झाली. हे वाचताना आम्हाला आमची नाली आणि आमची टाकी आठवत राहिली. देश मोठा की गल्ली लहान, चूक तीच.

हिवाळ्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही एक उद्योग केला. विज्ञानाच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शक दिला, वर मोबाईल धरून खिडकीत मेलेल्या एका क्युलेक्सच्या पंखाचा फोटो काढला आणि मोठ्या कागदावर छापून घेतला. मुलांनी लाल पेनाने खुणा केल्या. एका गटाच्या सतरा आल्या, दुसऱ्याच्या एकोणीस. काठाजवळची एक बारीक शीर धरायची की नाही, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला. शेवटी मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी टांगले.

घरी टाकीला नवे, घट्ट बसणारे झाकण आले आहे, हवेच्या नळीला जाळी बांधली आहे. पुतण्याने काठीला पांढरी वाटी बांधून स्वतःची पळी बनवली असून दर शुक्रवारी सकाळी तो गच्चीवर चढतो, दहा वेळा वाटी बुडवतो आणि वहीत आकडा लिहितो. आमच्या टाकीच्या रकान्यात आठ आठवडे शून्य आहे. शेजारच्या खालांच्या टाकीचा रकानाही त्याने आखून ठेवला आहे. खाला अजून त्याला वर चढू देत नाहीत.